जुन्या गाडीला सिरॅमिक कोटिंग करताय? आधी हे वाचा

दादा, वडिलांच्या जुन्या गाडीला सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ, कडक संरक्षक थर) करायचंय असं तुम्ही लिहिलंत, आणि त्यांची गाडी सांभाळताय हे वाचून खूप बरं वाटलं. पण कोटिंगवर लगेच पैसे घालू नका, कारण कोटिंगने ओरखडे भरत नाहीत, खाली जे असेल तेच काचेसारखं चमकून दिसतं, म्हणजे खरं काम आधीच्या तयारीत आहे.

दोन बादल्यांनी (एक साबणाची, एक फडकं खळबळायची) नीट वॉश, मग आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे), मग भरपूर लुब्रिकंट मारून क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), आणि त्यानंतर पॉलिश. इथे घाई नको. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यात इतक्या वर्षांत कोणी कितीदा रबिंग करून तो घासलाय देव जाणे, म्हणून डिटेलरकडे (हे काम करणाऱ्याकडे) पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, आहे का ते विचाराच, आणि नसेल तर सरळ दुसरीकडे जा. पॉलिश करताना पॅडवर गाडीचाच रंग उतरला तर एकतर सिंगल स्टेज पेंट (ज्यावर वेगळा क्लिअर कोट नसतो) आहे नाहीतर क्लिअर कोट संपलाय, तिथेच थांबायचं. बॉनेटवर, छतावर पापुद्रे निघत असतील तर तो पॅनल रिपेंटच लागतो, आणि दाराखाली गंजाचे फोड असतील तर पहिला खर्च तिथे, कोटिंग नंतर.

पावसाळ्यात उघड्यावर करू नका. लावल्यावर आठवडाभर धुवायची नाही. आणि नंतर बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका हो, त्याचे पांढरे डाग कोटिंगवरही बसतात.