वचनपेटीतली मऊ चिठ्ठी

"ताई, देव साऱ्यायशी बोलते, माह्याशीच काहून नाई बोलत?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ही बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, साडेतीन एकर, कपाशी आणि तूर. भावाचं म्हणणं, शेत मक्त्यानं दे अन् नागपूरला माझ्याकडे ये. पाडव्याच्या आत होय-नाही सांगायचं होतं. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, लोक साक्षीला (देवाचा अनुभव सांगायला) उठत, "प्रभूनं मला सांगितलं" म्हणत. ही मागच्या चटईवरून गुपचूप घरी जायची.

तिनं पिशवीतून वचनपेटी काढली. निळी प्लास्टिकची डबी, आत विडीएवढ्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बायबलचं एक वचन. रोज सकाळी एक काढायची. एकदा अब्राहामाला झालेली आज्ञा निघाली: आपला देश, बापाचं घर सोड (उत्पत्ती 12). दुसऱ्या दिवशी इसहाकाला सांगितलेलं: याच देशात राहा (उत्पत्ती 26). बापाला जा, लेकाला राहा. "आता यातलं माहं कोणतं?"

वचनपेटीला मी नावं ठेवत नाही, माझ्या आईच्या उशाशीही होती. धीर द्यायला चिठ्ठी चांगली. निकाल तिच्याकडून मागू नये.

ती बोलत होती तोवर मी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या. अब्राहामाची कोरी करकरीत. इसहाकाची हळदीनं पिवळी, कडा जुन्या नोटेसारख्या मऊ.

"ही कितीदा निघाली?"

ती गप्प. मग ओशाळून हसली. "हाताले समजते नं, ताई."

म्हणजे तिला राहायचं होतं. पण ते स्वतःच्या तोंडानं म्हणायचं तिला भ्या वाटे. इच्छा आपली असली की ती देवाची नसणारच, हा घोळ मला फार जणांत दिसतो. बायबलमधला पोरगा शमुवेल म्हाताऱ्या याजक एलीजवळ मंदिरात राहायचा. त्याला रात्री तीनदा हाक आली आणि तिन्हीदा तो उठून एलीकडेच धावला. देवाचा आवाज त्या पोराला घरातल्या म्हाताऱ्यासारखा वाटला, इतका ओळखीचा. हाक कोणाची ते कळलं एलीलाच. इच्छा देवाचीच असेल असंही नाही, म्हणून ती चारचौघांपुढे ठेवायची. यरुशलेमच्या मंडळीनं पत्र धाडलं त्यात 'पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले' असं आहे (प्रेषितांची कृत्ये 15). त्या 'व आम्हाला'वर माझा फार जोर असतो.

(कानात खरोखरच आवाज येतात, झोप उडालीय, आवाज जीव द्यायला सांगतो, असं कोणी म्हणालं तर मात्र मी वचनं काढत बसत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराला घेऊन जाते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक-आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून देते.)

तिला एकच काम दिलं. आठवडाभर चिठ्ठी बंद, रोज अख्खा सव्विसावा अध्याय वाचायचा. चौथ्या दिवशी फोन आला. "ताई, चिठ्ठीवर विहिरी लिवल्याच नाई!"

खरंच. त्या अध्यायात दुष्काळ आहे, शंभरपट पीक आहे आणि पुढे विहिरींवरून भांडणं आहेत. इसहाक एक विहीर सोडतो, दुसरी सोडतो. तिसरीवर कोणी भांडत नाही, तिचं नाव रहोबोथ. आता हिचं आणि दिराचं बोलणं दोन वर्षं बंद, सामाईक विहिरीवरच्या मोटारीवरून. हे तिनं मला तोवर सांगितलंच नव्हतं. शेत ठेवू की देऊ, एवढंच देवाला विचारणं चालू होतं.

मंडळीचे पाळकसाहेब, भाऊ आणि मंडळीतल्या दोन बाया एका संध्याकाळी बसल्या. भावाचा मुद्दा वावगा नव्हता: आजारी पडलीस तर पाहील कोण? दोन एकर मक्त्यानं द्यायचं आणि दीड एकर घरी करायचं ठरलं. प्रश्न उरला पाण्याचा.

दिराकडे ती एकटीच गेली. बराच वेळ कोणी बोललं नाही म्हणे. जावेनं चहा ठेवला. मग दीर बशीत बघत म्हणाला, "रातची लाइन मी पायतो. दिवसाची तुमी घ्या, वयनी."