आधी ‘नाइंबाग आ बिगात’, मग परमिट

चि. पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फिलिपिन्समधल्या बुर्गोसची नोकरी सोडून साताऱ्याला परत यावंसं वाटतंय, असं तू अगदी शेवटी लिहिलंस. खरं दुखणं मात्र मला त्याआधीच दिसलं. म्युनिसिपल कार्यालयातल्या बाई विचारलं की नुसत्या भुवया उडवतात, उत्तर देत नाहीत. हार्डवेअरवाला हसून हो म्हणतो आणि माल देत नाही. बँकेत पोचतेस तेव्हा शटर खाली असतं. आणि वर तुझा प्रश्न: ‘मावशी, सगळ्यांना इंग्रजी येतं, मीही नीट बोलते, तरी असं का?’

भुवयांचं आधी सांगते. त्या बाईंनी तुला उत्तर दिलं होतं. फिलिपिन्समध्ये भुवया झटकन वर उडवणं म्हणजे ‘हो’. तू विचारत राहिलीस, त्या ‘हो’ म्हणत राहिल्या, आणि शेवटी तू आवाज चढवलास. चारचौघांत आवाज चढवलेला तिथल्या माणसाला फार लागतो. समोरचा भांडत नाही, हसतो आणि तुझी फाइल खाली सरकवतो.

आता मला सांग, आत शिरल्यावर तुझं पहिलं वाक्य काय होतं? तूच लिहिलंयस: ‘परमिटचं काय झालं?’ इथेच मला राग येतो. तुझ्या आजीच्या वाड्यात कुणी चप्पल न काढता आत येऊन ‘पैसे द्या’ म्हटलं असतं, तर आजीने दिले असते का?

आधी विचारपूस, मग काम. बाकी सगळं याच्यामागून येतं.

तुझ्या भागातली बोली इलोकानो, तिच्यातलं हे पाठ कर. सकाळी ‘नाइंबाग आ बिगात’, दुपार कलली की ‘नाइंबाग आ मालेम’, अंधार पडला की ‘नाइंबाग आ राबीई’. पुढे हाक: वयाने मोठा पुरुष मानोंग, मोठी बाई मानांग, लहान असेल तर आदिंग. म्हातारी माणसं, पाद्री, अधिकारी यांच्यासाठी आपो. मनीलात शिकलेलं आदराचं ‘पो’ तिथे प्रत्येक वाक्याला चिकटवू नकोस. ते तागालोग भाषेतलं आहे. तिथे ‘वेन, आपो’, म्हणजे ‘हो जी’, म्हटलंस की पुरे. ऑफिसात ‘सर’, ‘मॅम’ चालतं, पण बाजारात, जीपनीत म्हणजे तिथल्या वडाप गाडीत, सारी-सारी म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानाच्या जाळीपाशी मानांगच. दुकानात कुणी दिसलं नाही तर जाळीवर नाणं आपटू नकोस. ‘आपो’ अशी हाक मार, ‘गुमातांगाक मान’ म्हण, म्हणजे ‘मला घ्यायचंय हो’, आणि थांब. दुपारी मालकीण आत पडलेली असते, ती उठून येईल.

वाटेत कुणी ‘पापानाम?’ विचारलं, म्हणजे कुठे निघालीस, तर ती चौकशी नाही. आपल्या गावात पारावरची माणसं विचारतात तसंच ते आहे. ‘दिता लाएंग’, तिथेच जवळ, एवढं सांगून पुढे जा. जेवणाच्या वेळी कुणाच्या टेबलाशी गेलीस तर ‘मांगानतायोन’, चला जेवू या, म्हणून बोलावतील. पहिल्यांदा हसून नको म्हण. पुन्हा आग्रह झाला तर एक घास घे. घड्याळ बघत उभी राहू नकोस, पोरी. घड्याळ बघणारी पाहुणी कुणालाच आवडत नाही.

तू पूर्ण शाकाहारी आहेस, म्हणून हे नीट वाच. पिनाकबेत ही तिथली भाजी पाहून तुला आनंद होईल: वांगी, कारली, भेंडी. पण त्यात बुग्गुओंग असतं, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं खारं. मांस नको म्हटलंस तरी ते राहतंच, कारण ते त्यांच्या लेखी मीठमसाल्यात जमा. आधीच विचार: ‘आद्दा बुग्गुओंगना?’, म्हणजे यात बुग्गुओंग आहे का? भुवया उडाल्या तर आहे, समजून जा. विगान शहरातल्या प्लाझा बुर्गोस चौकातला नारिंगी एम्पनादा, म्हणजे सारण भरलेली तळलेली करंजी, सांगतानाही लोंगानिसा (मांसाचं सॉसेज) आणि अंडं न घालता, कच्ची पपई आणि मूग एवढंच घालायला सांग. तुझ्यासमोर लाटून, भरून तळतात, त्यामुळे सांगायला वेळ मिळतो.

वेळांचं गणित मात्र पाठ कर, त्यात भावनेला जागा नाही. सरकारी कार्यालयं सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. दुपारी काउंटर बंद ठेवू नये असा कायदा आहे, तरी बारा ते एक या वेळात मोठं काम घेऊन जाऊ नकोस. सही करणारा माणूस जेवायला गेलेला असतो. बऱ्याच बँकांचे व्यवहार तीनला, काहींचे चारला आटपतात, म्हणजे बुर्गोसहून दुपारी निघून लावाग शहरातल्या बँकेत पोचणारी तू उशिराच येणार. बँकेच्या दिवशी सकाळी नीघ. ताजी भाजी-मासळी पहाटे, मॉल दहानंतर. रविवारची सकाळ चर्चची. पवित्र सप्ताहातला गुरुवार आणि गुड फ्रायडे धरूच नकोस, सगळं ठप्प असतं. लावागचा पामुलिनावेन उत्सव फेब्रुवारीत, विगानच्या संत पॉलची जत्रा 25 जानेवारीला. त्या आठवड्यांत कुणाला डिलिव्हरीची तारीख मागू नकोस. आणि वादळाचा सिग्नल लागला की कार्यालयं बंद होतात, तेव्हा जुलै ते ऑक्टोबर प्रत्येक कागदाला चार दिवस जास्त धर.

आणखी एक. किमती आणि घड्याळाच्या वेळा तिथे स्पॅनिश आकड्यांत बोलतात: बेइंते म्हणजे वीस, सिंगक्वेंता म्हणजे पन्नास, आलास ओत्सो म्हणजे आठ वाजता. इलोकानो आकडे पाठ करून बाजारात गेलीस तर बावचळशील. भाव करायचा असेल तर ‘माबालिन ती तुमावार?’, भाव केला तर चालेल का, असं आधी विचार. तिथे घासाघीससुद्धा परवानगी मागून करतात. सकाळच्या पहिल्या फेरीला तिचाकी चालवणाऱ्याच्या हातात हजाराची नोट ठेवू नकोस.

तुझा हार्डवेअरवाला खोटारडा नाही. त्याला तुला तोंडावर ‘नाही’ म्हणवत नाही. ‘उद्या मिळेल ना?’ असं विचारलंस तर तो हो म्हणणारच. त्याऐवजी विचार, ‘मानोंग, आत्ता गोदामात किती आहेत? उरलेले मागवले तर कोणत्या गाडीने येतात?’ मग तो खरा आकडा सांगेल. हे सगळं आधी चार शब्द बोलून मग. मेसेंजरवरही तसंच. तिथला निम्मा धंदा मेसेंजरवर चालतो, आणि तू पहिल्याच ओळीत पार्ट नंबर टाकतेस. आधी गुड मॉर्निंग, मग पार्ट नंबर.

यावरून मी पुष्कळ ऐकून घेतलंय. आपल्याकडून आलेलेच काही जण म्हणायचे, बाई बाजारात गप्पा मारते आणि कंपनीचा वेळ घालवते. एका वरिष्ठांनी भर मीटिंगमध्ये बोलून दाखवलं. मी बदलले नाही आणि आजही बदलणार नाही. चाळकेवाडीच्या पठारावरून थेट बुर्गोसला गेलेली मी. पन्नास पवनचक्क्या, 150 मेगावॅट, आणि खरेदीचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जायचा. एका वादळानंतर रस्त्यांवर झाडं पडलेली, सगळी दुकानं बंद. केबलचे लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड, हवे होते. ज्या मानोंगशी मी रोज त्याच्या नातवाच्या शाळेबद्दल बोलायचे, त्याने मेणबत्ती घेऊन मागचं दार उघडलं, खोके उपसले आणि लग मोजून दिले. बिल नंतर. तो वेळ वाया गेला होता का, ते त्या वरिष्ठांनीच सांगावं.

राजकारणावर मत देऊ नकोस. बाताक हे मार्कोस घराण्याचं गाव, थोरल्या मार्कोसना, म्हणजे जुन्या राष्ट्राध्यक्षांना, तिथली जुनी माणसं अजून आपो लाकाय, म्हातारे आजोबा, म्हणतात. लोक बोलतील ते ऐक, चहा पी. एक नोव्हेंबरच्या सुमाराला घरोघरी टेबलावर भात, अंडी, बासीचा म्हणजे उसाच्या दारूचा पेला मांडलेला दिसेल. तो आतांग, गेलेल्यांसाठी. पितृपक्षातल्या पानाला आपण हात लावत नाही, तसाच त्याला लावू नकोस. साइटवर झुडपात जाताना सोबतची माणसं ‘बारी-बारी, आपो’ म्हणतील, न दिसणाऱ्यांची वाट मागतील. हसू नकोस. तूही म्हण.

मी ज्यांच्या घरी राहायचे त्यांना नानांग, म्हणजे आई, म्हणायचे. 2020 मध्ये, सीमा बंद असताना, त्या गेल्या. तिथे दफनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घरची माणसं नदीवर किंवा समुद्रावर जातात, जाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या पाण्याने एकेकाचं डोकं धुतात. गुलगोल म्हणतात त्याला. त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं की माझं नाव घेऊन तिने पाण्याची एक ओंजळ सोडली. त्या रांगेत मी नव्हते, ही हळहळ माझी जात नाही. आणि तू मला विचारतेस की दोन मिनिटं बोलण्यात घालवून काय मिळतं!

बरं, आता परमिट. कार्यालयाच्या दाराशी सिटिझन्स चार्टरचा फलक असतो. त्यावर प्रत्येक कामाच्या पायऱ्या, फी आणि मुदत लिहिलेली असते. 2018 च्या कायद्याने साध्या कामाला कामकाजाचे तीन दिवस, गुंतागुंतीच्याला सात, फार तांत्रिक असेल तर वीस दिवस ठरवलेत. तुझं काम कुठल्या रकान्यात आहे ते वाच, फोटो काढ, पण काउंटरवर तो फोटो आधी दाखवू नकोस. कायदा तुझ्या बाजूने आहे म्हणून माणूसही तुझ्या बाजूने असेल असं नाही.

सोमवारी आठच्या ठोक्याला नको, साडेआठला जा. अर्जाच्या दोन प्रती आणि जुनी पावती बरोबर ने. त्या बाईंना ‘नाइंबाग आ बिगात, मानांग’ म्हण आणि परवा आवाज चढला त्याबद्दल ‘दिस्पेनसारेम’, माफ करा, म्हण. मग त्या काय विचारतात ते ऐक. परमिटचा विषय त्यांनीच काढला तर उत्तम. नाहीच काढला तर तू काढ. काय झालं ते रात्री कळव, मी जागी असेन.

तुझी,
मावशी