१८९५ च्या हेस्टिंग्ज बुद्धिबळ स्पर्धेतल्या डावात काळ्याने ई७ वरचा हत्ती का मारला नाही?

तुमचा प्रश्न स्टाइनिट्झ (पांढरा)–फॉन बार्डेलेबेन (काळा) डावाच्या २२ व्या खेळीचा आहे. (ई७ वगैरे पटावरची घरं: अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या रांगेचा.) पांढऱ्या हत्तीने ई७ वरचा घोडा मारून शह दिला. राजा मारू शकतो, वजीरही मारू शकतो, तरी काळा राजा एफ८ वर गेला. कारण दोन्हीकडून मारलं तरी डाव जातो.

वजिराने मारलं तर डी७ सुटतं आणि सी८ च्या हत्तीवर पांढरा हत्ती आणि जी४ चा वजीर दोघे तुटून पडतात. मारामारी संपली की पांढऱ्याकडे एक घोडा जास्त. राजाने मारलं तर सी१ चा हत्ती ई१ वर येऊन शह देतो. राजा डी८ वर गेला की घोडा ई६ वर शह, मग राजा ई७ वर आला तर घोडा सी५, उघडा शह (घोडा सरकताच मागच्या हत्तीचा शह), वजीर गेला. राजा डी६ वर आला तर वजीर बी४ शह, राजा सी७, घोडा ई६ शह, राजा बी८, वजीर एफ४ शह. आता हत्ती सी७ वर आडवा घातला तरी घोड्याने तो मारायचा, वजिराने घोडा मारला की हत्ती ई८ वर मात. सी७ चा वजीर कर्णात अडकलेला, हलूच शकत नाही.

म्हणून एफ८ हीच सर्वांत चिवट खेळी. तिच्यात सापळाही आहे: पांढऱ्याने हावरटपणे डी७ चा वजीर हत्तीने मारला, तर काळा हत्ती सी१ वर मारून शह देतो, वजीर डी१ वर आडवा, तोही मारून मात! स्टाइनिट्झचीही मागची रांग उघडी होती. त्यामुळे त्याला प्रत्येक खेळी शह देतच खेळावी लागली: हत्ती एफ७, जी७, मग एच७ चं प्यादं मारून. जी७ चा हत्ती राजाने मारला तर वजीर शहासकट जातो.

माझ्या मते काळ्याची खरी चूक १६ व्या खेळीची, प्यादं सी६ वर नेण्याची. इटालियन सुरुवातीतल्या मारामारीनंतर ई ही उभी ओळ मोकळी होती, किल्लेकोट केला तर ई७ चा घोडा जात होता. तेव्हा राजा लगेच एफ७ वर न्यायला हवा होता. सी६ नंतर डी५ चं प्यादं बळी देऊन पांढऱ्याने डी४ मोकळं केलं आणि घोडा तिथून ई६ वर जाऊन बसला.

२५ व्या खेळीनंतर बार्डेलेबेन काही न बोलता सभागृहातून निघून गेला आणि त्याची वेळ संपली. स्टाइनिट्झने प्रेक्षकांना पुढच्या दहा खेळ्यांतली मात पटावर दाखवली.