अकराव्या अध्यायात अडकलेली

पत्र असं आहे :

‘मावशी, सलाम. मी मूळची नगरकडची, वय चौतीस, आता पिंपरीत राहते, बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी आई गेली. तिचा विश्वास केवढा होता, आणि माझ्याकडे त्यातलं काहीच नाही, असं वाटून जानेवारीत वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं ठरवलं. मोबाईलवर एक इंग्रजी अ‍ॅप आहे. लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाशी अडकले ती अडकलेच. अ‍ॅप रोज सांगतं, तू इतके दिवस मागे आहेस. बसमध्ये जाता-येता संदेश, म्हणजे प्रवचनं, ऐकते, दिवसाला दोन तरी. उतरले की एकही आठवत नाही. घरसभेत एकदा शंका विचारली, तर एक वडीलधारे म्हणाले, विश्वासात शंकेला जागा नसते. तेव्हापासून गप्प बसते. आईचं बायबल कपाटात आहे, बांधणी सुटलीय म्हणून पिशवीत घालून ठेवलंय. वाचताना मला काहीच वाटत नाही. माझा विश्वास वाढणारच नाही का? – अडकलेली’

प्रिय अडकलेली,

सप्रेम सलाम. आधी माझी कबुली ऐक. वर्षभरात बायबल संपवायचा संकल्प मी तीनदा केलाय. तिसऱ्या वेळी तर वहीत रकाने आखले होते, आणि शनिवारी रात्री आठवडाभराच्या खुणा एकदम करायचे, दूधवाल्याचा हिशेब लिहावा तशा. एकूण 1,189 अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. या वेगाने लेवीयचा अकरावा नेमका जानेवारी सरता सरता येतो. तिथे मोडून पडलेल्यांची मंडळी भरवली तर चर्चमध्ये खुर्च्या कमी पडतील.

पण त्या अध्यायात आहे काय, बघितलंस का? कोणता प्राणी खायचा, कोणता नाही. चालेल तो कोणता, तर ज्याचा खूर दुभंगलेला आहे आणि जो रवंथ करतो. मी हसले तुझं पत्र वाचून. गाय चरून येते आणि सावलीला बसून रवंथ करते. तू नुसतीच चरतेयस, बाई. बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका फ्रेंच मठातल्या साधूने वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसतं शांत बसणं. तो म्हणतो, वाचन म्हणजे घास तोंडात घेणं आणि मनन म्हणजे तो चावणं. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस मनन करतो असं आपण वाचतो ना, तिथल्या हिब्रू शब्दाचा अर्थ तोंडातल्या तोंडात पुटपुटणं असाही आहे. सिंह भक्ष्यावर बसून गुरगुरतो, त्याला यशया संदेष्टा तोच शब्द वापरतो. म्हणजे आवाज हवा. निदान ओठ तरी हलायला हवेत. मोबाईलवर अंगठा सरकवण्याने ते होत नाही.

तर अ‍ॅप काढून टाक. थोडे दिवस बाजूला ठेव वगैरे नाही, काढूनच टाक. आणि मराठीत वाच. तू रडतेस मराठीत, आईला हाक मारलीस मराठीत, मग देवाशीच इंग्रजी का? पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी एका भाषांतरात घातली, ती कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल असं बायबल असावं म्हणून. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनातल्या बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. 1922 साली बाई गेल्या, पूर्ण बायबल त्यांच्यामागून बाहेर आलं.

आता लेवीयकडे परत ये. अकरावा सोड आणि एकोणिसावा काढ. नऊ आणि दहा ही वचनं मोठ्याने वाच. पीक कापशील तेव्हा शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, सरवा गोळा करू नकोस, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. तू नगरकडची, सरवा म्हणजे काय हे तुला सांगायला नको. भुईमूग काढून झाला की माझी आजी खुरपं घेऊन लोकांच्या रानात जायची, मातीत राहिलेल्या शेंगा उकरून ओट्यात भरायची. एक मालकीण बांधावरूनच ओरडायची. दुसरी आजीला बघून पाठ फिरवायची आणि उगाच विहिरीकडे चालू लागायची. आजी म्हणायची, ती बाई काही शेंगा टाकून मुद्दामच जाते, मला ठाऊक आहे. मोठेपणी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचताना बवाज नावाच्या शेतमालकाशी आले, तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गाळा, रूथला वेचू द्या. मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. ती विहिरीकडे जाणारी बाई मला इतक्या वर्षांनी दिसली.

रूथचे चारच अध्याय आहेत. रोज एक, चार दिवस. पाचव्या दिवशी लेवीय एकोणिसावर परत ये आणि या वेळी अठराव्या वचनापर्यंत जा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे तिथलंच. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर प्रभूने दुसरी म्हणून जी सांगितली, ती तू ज्याला कंटाळलीस त्या पुस्तकातून उचललेली आहे. आणि सरवा वेचणारी ती रूथ, मवाब देशातली विधवा, परकी बाई, पुढे दावीद राजाची पणजी होते. मत्तयच्या पहिल्या पानावर तिचं नाव आहे. सहाव्या दिवशी काही वाचू नकोस. बँकेत तुझ्या काउंटरसमोर पेन्शनच्या तारखेला फॉर्म न भरता येणारे आजोबा उभे असतात, त्यांच्याकडे बघ, आणि तुझ्या शेताची कड कुठे आहे ते आपणच ठरव. मनन म्हणजे फार वेगळं काही नसतं.

संदेशांचं थोडक्यात सांगते. जेवणावर जेवण चाललंय तुझं. बसमध्ये खिडकीतून बाहेर बघ. ऐकायचा तो रविवारचा एक, देवळात बसून, आणि सोमवारी डबा खाताना त्यातलं एक वाक्य कुणाला तरी सांग. आठवलं नाही तर पुढच्या रविवारी नीट ऐकशील. फारच चुकल्यासारखं वाटलं तर मार्कचं शुभवर्तमान ऐक, सलग, दीड तासाच्या आसपास होतं. लांबच्या प्रवासाला ठीक आहे.

त्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नकोस, त्यांना बहुतेक उत्तर येत नव्हतं. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात कूशी देशाचा मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. मोठ्याने वाचतोय, म्हणून तर फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाला ऐकू जातं. कळतंय का, असं फिलिप्पाने विचारल्यावर तो सरळ म्हणतो, कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार? वर प्रश्नही विचारतो : संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल? फिलिप्प त्याला गप्प बस म्हणत नाही, रथात चढून शेजारी बसतो. तुला असा शेजारी बसणारा माणूस हवाय. महिला मंडळात एखादी म्हातारी असेलच, जी प्रार्थना लांबवत नाही. तिला विचार, मंगळवारी अर्धा तास येऊ का?

आणि घाई कसली? ज्यांची भजनं तुझ्या आईच्या तोंडी असणारच, त्या ना. वा. टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला, ते साल 1893. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. तरी त्यांचा बाप्तिस्मा झाला 1895 च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात हा माणूस वाचत होता, प्रश्न विचारत होता, पत्रं लिहीत होता. लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाच वर्षं लागली. नवरा पुढे गेला म्हणून त्या धावल्या नाहीत, आणि त्यांना कुणी मागे आहेस म्हटलं असतं तर नगरच्या भाषेत उत्तर मिळालं असतं.

वाचताना काही वाटत नाही म्हणतेस. आई जाऊन वर्षच होतंय, गं. अशा दिवसांत अक्षरं कोरडीच लागतात, मला नवरा गेल्यावर दीड वर्ष लागत होती. तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायचे. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते दीडशे स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. तुला प्रार्थना सुचत नसेल त्या दिवशी ते वाच आणि झोप.

आता ती पिशवी. येत्या रविवारी जेवणं झाली की कपाटातून काढ. चिकटपट्टी लावायला जाऊ नकोस, कागद पिवळा पडतो. पुण्यात पुस्तकबांधणी करणारे अजून आहेत, सावकाश बघू. आधी पुस्तक मिटलेलंच हातात धर आणि पानांच्या कडा बघ. जिथे आईची बोटं रोज पडली तिथे कड मळलेली असेल, बाकीची पांढरी. मधोमध स्तोत्रं मळलेली असणार, पैज लावते. योहान असेल. मग लेवीय काढ. तिथली पानं एकमेकांना चिकटलेली, कोरी करकरीत निघाली, तर मला नक्की कळव.

तुझी मावशी