छोट्या धंद्याचा ब्लॉग ‘प्रोफेशनल’ कसा ठेवावा? एजन्सीला द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात घरगुती मसाल्यांचा धंदा आहे, वेबसाइट तयार झालीय, आता तिच्यावरचा ब्लॉग प्रोफेशनल दिसायला हवा. महिन्याला किती लेख टाकावेत, कोणत्या भाषेत, आणि एक एजन्सी महिन्याच्या पॅकेजमध्ये सगळं करून देते म्हणतेय तर द्यावं का. या शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसले. नका देऊ.

आमचं दांडिया बाजारात पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. नवरा पेटीचं काम बघतो, धाकटे दीर तबल्याचं, आणि हिशेब, फोन व ‘अजून झाली नाही का हो पेटी?’ म्हणणाऱ्यांना थोपवून धरणं हे खातं माझ्याकडे. ब्लॉग हवा ही कल्पना माझी. तो एजन्सीला द्यायचा ही कल्पना भावोजींची. एजन्सीवाला त्यांच्या ओळखीचा होता. ‘वहिनी, आपण सूर लावावेत, लिहायचं काम लिहिणाऱ्यांना द्यावं,’ असं ते म्हणाले आणि घरात सगळ्यांना ते पटलं.

एजन्सीने पहिला लेख टाकला त्याची सुरुवात होती, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात संगीताचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ दुसरा, हार्मोनियम शिकण्याचे दहा फायदे. त्याच्यावर फोटो अकॉर्डियनचा. हे बडोद्यात! इथे १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, तीच आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणून सूरसागर तलावाच्या काठावर उभी आहे, तिथली मुलं आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून पेटी होण्याची वाट बघतात, आणि आमच्या साइटवर अकॉर्डियन. एका विद्यार्थिनीने मोबाइल पुढे करून विचारलं, ‘काकू, हे पण दुरुस्त करता?’ मी भावोजींकडे बघितलं. ते तबल्याची चामड्याची वादी ओढत होते, ओढतच राहिले.

फोटो बदलायला सांगितला तर उत्तर आलं की पॅकेजमध्ये महिन्याला दोनच बदल बसतात.

मग लिहायला मीच घेतलं. फार विचार केला नाही. फोनवर लोक रोज जे विचारतात त्याचं उत्तर लिहायचं, एवढंच. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत पेट्यांचे दोन आजार हमखास येतात. भाता मारला की पट्टी न दाबताच एखादा सूर बोलायला लागतो, किंवा पट्टी दाबली तरी सूर गप्प. पहिल्यात बहुतेक वेळा पट्टी फुगून अडकलेली असते, नाहीतर तिची स्प्रिंग सैल पडलेली असते. दुसऱ्यात पितळी जिभेखाली धुळीचा कण बसलेला असतो, किंवा जीभच तडकलेली असते. कण असेल तर पातळ कागद अलगद सरकवून निघतो. तडा असेल तर ती जीभ, म्हणजे तो सूरच बदलावा लागतो. हे सगळं मी नवऱ्याला विचारून, त्याच्याच बोलण्यात लिहिलं, आणि मोबाइलवर काढलेले आमच्याच टेबलावरचे फोटो टाकले. टेबलावर चहाचा कपही दिसतो. राहू दिला.

त्यावर घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. भावोजींचं म्हणणं, ‘धंद्याची गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडतात का? आता लोक घरीच कागद सरकवतील, दुकानात कशाला येतील?’ आले. ज्यांचा कण निघाला ते आले नाहीत, आणि त्यांच्याकडून आम्हाला काय मिळणार होतं? बाकीचे ‘तुमचं वाचून कागद घालून बघितला, नाही झालं’ असं म्हणत आले. म्हणजे अर्धी तपासणी घरीच करून आलेलं गिऱ्हाईक. त्याला दर सांगितला की घासाघीस करत नाही, कारण आतमध्ये काय असतं हे त्याने वाचलेलं असतं. भावोजी, तुम्ही हे वाचत असाल तर अहमदाबादहून दर वर्षी गणपतीच्या आधी पेटी घेऊन येणारे ते भजनी मंडळवाले आठवा. त्यांना आपलं दुकान कुठून कळलं?

तर तुमच्यासाठी याचा अर्थ असा. ‘मसाल्यांचे आरोग्यदायी फायदे’ लिहू नका, ते सगळ्यांनी लिहून झालंय. गोडा मसाल्यात हे काळं, पापडीसारखं काय आहे, बुरशी लागलीय का, असं तुम्हाला कुणीतरी विचारलंच असेल. दगडफुलावर एक लेख तिथेच तयार झाला. बेडगीने रंग येतो आणि तिखटपणासाठी गुंटूर लागते हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे, पण नव्याने संसार मांडलेल्या मुलीला माहीत नसतं. जिरं ऊंझ्याच्या बाजारातून आणत असाल तर तसं लिहा, कोणत्या महिन्यात आणता तेही लिहा. मसाला फ्रीजमध्ये ठेवायचा का, आमटीला किती घालायचा, तुमचा मसाला दुकानातल्यापेक्षा महाग का. हा शेवटचा प्रश्न लोक तोंडावर विचारत नाहीत, म्हणून आधी लिहा.

किती लेख? मला वाटतं महिन्याला एक पुष्कळ झाला, पण तो वेळेआधी हवा. पावसाळ्याचा लेख मी मे महिन्यात टाकते, कारण गूगलच्या निकालात वर यायला त्याला वेळ लागतो. तुमच्या वर्षभराच्या मसाल्याची गडबड मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे लेख जानेवारीत. आणि जुना लेख दुरुस्त करणं हेही लिहिणंच आहे. दर बदलले, लेख तोच राहिला, की भांडण दुकानात येतं.

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, जोडून घ्या. लोकांनी काय टाइप केलं आणि तुमचं पान दिसलं ते त्यात कळतं. लोक मालाचं नाव टाइप करत नाहीत, तक्रार टाइप करतात. मात्र तिथल्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. आमचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आकाशवाणीने हार्मोनियमवर १९४० ते १९७१ घातलेल्या बंदीवरचा आहे. देशभरातून लोक वाचतात. त्याने एकही पेटी दुकानात आणलेली नाही. पेटीच्या भात्याला उंदरांपासून कसं वाचवावं हा लेख मोजकी माणसं वाचतात, आणि त्यातली बरीचशी फोन करतात.

आता एजन्सीचं पुढचं, कारण खरं नुकसान अकॉर्डियनने केलेलं नाही. पॅकेज बंद करायचं ठरल्यावर कळलं की साइटचं नाव, म्हणजे डोमेन, एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. आमच्या दुकानाचं नाव आणि मालक ते. फोन उचलणं बंद झालं. नूतनीकरणाची तारीख आली आणि गेली, आठवण करून देणारे ईमेल त्यांच्याकडे जात होते. एक दिवस साइट गायब. डॉट कॉम नाव मुदत संपल्यावर लगेच हातचं जात नाही, सुरुवातीला थोडी सवलत असते, त्यानंतर ३० दिवस जास्तीचे पैसे भरून ते सोडवता येतं. पण सोडवणार तो, ज्याच्या नावावर खातं आहे. आम्हाला नवं नाव घ्यावं लागलं. दुकानाच्या पावत्या, पाटी, व्हिजिटिंग कार्डं, सगळीकडे जुनं नाव छापलेलं. माझे काही लेख वेबॅक मशीनवर, म्हणजे इंटरनेटवरची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, जतन झालेले सापडले, ते एकेक उचलून पुन्हा लावले. बाकीचे गेले.

म्हणून प्रोफेशनल म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घेतलेलं. होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा, तीही तशीच. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर मुख्य अ‍ॅडमिन तुम्ही, मदतनीस मुलगा एडिटर. गूगल बिझनेस प्रोफाइलचे, म्हणजे गूगलवर आणि नकाशात दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीचे, मालक तुम्ही. महिन्यातून एकदा बॅकअप घेऊन घरच्या पेनड्राइव्हवर. डोमेनचा वर्षाचा खर्च तुमच्या एका दिवसाच्या वेलदोड्यांपेक्षा कमी असेल. रंगसंगती आणि लोगो यांचं नंतर बघा.

भाषेचं उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे. आमचं गिऱ्हाईक वाचतं मराठीत, फोन करतं गुजरातीत, आणि अमेरिकेतून विचारणारे इंग्रजीत लिहितात. मी मराठीत लिहिते कारण मला तीच नीट येते. महत्त्वाचे दोन-तीन लेख शेजारच्या बेनकडून गुजरातीत करून घेतले. तुम्हाला गुजरातीत बोलता येतंय म्हणून लिहिताही येईल असं धरू नका. बडोद्याच्या मराठी माणसाचं गुजराती कागदावर उतरलं की हसं होतं.

आणि हो, सगळंच सांगून टाका असं मी म्हणत नाहीये. सूर चढवायचा तर पितळी जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर बुडाकडे. हे इतपत मी लिहिते. किती घासायचं आणि कानस कोणती, हे लिहीत नाही. जीभ पातळ झाली की गेली. घरी बसल्या माणसाला बिघडवता येणार नाही तेवढंच सांगायचं. तुमच्या मसाल्याचं प्रमाणही तुमच्याकडेच ठेवा, घटक सांगा. भावोजींचा एवढा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी त्यांना तोंडी सांगणार नाही.

एजन्सी सगळ्याच वाईट नसतात. फोटो काढायला, साइट जलद उघडावी म्हणून तांत्रिक काम करायला पैसे द्या. शब्द आणि चाव्या देऊ नका.

तुमचं खाद्यपदार्थांचं आहे म्हणून एक राहिलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा, १४ आकडी क्रमांक पाकिटावर असतोच, साइटवरही दिसू द्या. आणि एजन्सीने लिहिलेलं असो की तुम्ही, ‘आमच्या हळदीने मधुमेह बरा होतो’ असलं वाक्य दिसलं तर त्याच दिवशी काढा. खाद्यपदार्थांच्या फसव्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि नोटीस आली तर ती तुमच्या पत्त्यावर येईल.