पायात पू झाला, तर डॉक्टर रक्ताच्या गुठळीची तपासणी का सांगतात?

वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि डॉक्टरांनी डी-डायमर ही रक्ताची तपासणी लिहून दिली. पू पायात, मग गुठळीची तपासणी कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी चोपड्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. तपासणी उगाच लिहिलेली नाही.

रक्त गोठतं ते जखम बुजवायला, एवढंच आपण धरून चालतो. पण शरीर जंतूंना कोंडायलाही तेच हत्यार काढतं. जंतूंची चाहूल लागली की मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आपल्या अंगावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात, आणि गोठण्याची साखळी सुरू होते. एरवी हा पदार्थ रक्तवाहिनीच्या आत फारसा नसतोच. तिकडे चेतलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना जाऊन चिकटतात, त्यांनाही चेतवतात. मग न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जाळं पसरतात. हा प्रकार 2004 साली उजेडात आला. जाळ्यात जंतू अडकतात हे खरं, पण त्याच धाग्यांवर प्लेटलेट बसतात, फायब्रिन म्हणजे गुठळीचे प्रथिनाचे धागे जमतात, तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी धरते. घट्ट पू ताणला की तार सुटते, पाहिलं असेल. तो चिकटपणा बराचसा मेलेल्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएचाच.

त्यात सुजेच्या काळात यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, जास्त बनवतं, आणि माणूस खाटेवर पडून. पोटरीतल्या शिरांना दोन्ही नडतं.

आता रिपोर्टचं. गुठळीतलं फायब्रिन विरघळताना जे तुकडे पडतात ते डी-डायमर. एवढ्या सुजेत ती बहुतेक वाढलेलीच येते, गुठळी असो वा नसो, म्हणून आकडा पाहून हबकू नका. (रक्त देताना निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली का, तेवढं बघा, कमी भरली तर रिपोर्टचा भरवसा नाही.) निकाल लागतो तो पायाच्या डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत. डॉक्टरांनी ती सांगितली तर जळगावला जावं लागलं तरी टाळू नका.

घरात कुणाला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल, सातपुड्याच्या पट्ट्यात नंदुरबार-धुळ्याकडे तो बराच आहे, तर तेही आधीच सांगा. त्यात तांबड्या पेशीही शिरेच्या भिंतीला चिकटतात आणि संसर्गात त्रास उसळतो.

पाय तेल लावून चोळा म्हणणारे गावात भेटतीलच, ऐकू नका. आणि अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.