नववीची ताई, पाचवीची मुलगी

प्रश्न : आमच्या मुलींच्या शाळेत नववीच्या मुली पाचवीच्या मुलींच्या मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक ताई, होणार आहेत, पण मूल्यशिक्षणाच्या तासासारखी नुसती भाषणं नकोत, काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, एका ताईला दोनच मुली द्या आणि काम खरं द्या, म्हणजे पहिल्यांदा पाळी आली तर पॅड कुठे मिळतं ते दाखवणं, कोणी चिडवत असेल तर नीट ऐकून घेणं. लहानीलाच जास्त बोलू द्या, लिहू द्या. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला, मांग-महारांच्या दुःखावर, शाळकरी पोर होती हो ती! आणि घरी मारहाण, लग्नाची बोलणी असलं काही कळलं तर ताईने ते पोटात ठेवायचं नाही, लगेच तुमच्याकडे यायचं हे पहिल्याच दिवशी सांगा, मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबरही वर्गात लावा.